नागासाकीच्या टेकडीवरचा वसईकर

जपानमधल्या नागासाकी स्टेशनातून बाहेर पडलं की चालत काही मिनिटांवर निशिझाका नावाची टेकडी लागते. टेकडीवर एक लांबलचक दगडी भिंत आहे आणि तिच्यावर एका ओळीत ब्राँझच्या सव्वीस मूर्ती. नजर वर लागलेली, आणि पाय मात्र कशालाच टेकलेले नाहीत. चवडे खाली झुकलेले, अधांतरी. यासुताके फुनाकोशी या शिल्पकाराचं हे काम १९६२ सालचं. त्या सव्विसांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक आपला वसईकर आहे: संत गोन्सालो गार्सिया.

गोन्सालो जन्मला १५५७ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, त्याला तेव्हा दोनेक दशकं उलटली होती. जेझुइटांकडे शिकलेलं हे पोर पंधरासोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर थेट जपानला गेलं. तिथली भाषा त्यानं अशी उचलली, की मनिलाहून फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशीच्या दरबारी वकिलातीला निघाले तेव्हा दुभाषा म्हणून हाच बरोबर होता. मधल्या काळात त्याचा व्यापारही करून झाला होता. पुढं हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योटोत कानाची पाळी कापून, ऐन थंडीत या सव्वीस जणांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला तो पहिला संत.

मेक्सिकोनं आपला माणूस नीट जपलाय. क्वेर्नावाका शहरातल्या कॅथेड्रलच्या भिंतींवर या हुतात्म्यांच्या वाटचालीची भलीमोठी चित्रं आहेत. आपल्याकडे गोन्सालोच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. पण विरार लोकलच्या डब्यात त्याच्याबद्दल विचारून बघा.

वसई-विरारनं सातासमुद्रापार भगिनी शहर शोधायचं म्हटलं, तर नागासाकीचं नाव सहज सुचेल ते या गोन्सालोमुळं. नागासाकीला या बाबतीत दांडगा अनुभव आहे. अणुबॉम्ब पडून दहा वर्षं होतात न होतात तोच, १९५५ मध्ये, त्या शहरानं अमेरिकेतल्या सेंट पॉलशी नातं जोडलं. तारीख होती ७ डिसेंबर, म्हणजे पर्ल हार्बरच्या हल्ल्याचीच. १९७८ मध्ये पोर्तुगालचं पोर्तो त्यांच्या यादीत आलं. त्याचा धागा तर वसईपर्यंत पोचतो: पोर्तुगीज गलबतं गोवा, मकाव, नागासाकी अशी जात, आणि गोव्यात बाँ जेझूस चर्चच्या बांधकामाला दगड गेला तो आपल्या वसईचा.

भगिनी शहरांची ही प्रथा मुळात लढाईच्या राखेतून आली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधलं कॉव्हेन्ट्री बॉम्बफेकीत भाजून निघालेलं. तिथल्या आठशेहून अधिक बायकांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरली आणि तो स्टॅलिनग्राडला पाठवला, सोबत प्रत्येकीचे सहा पेन्स. १९४४ मध्ये ही दोन शहरं जोडली गेली. करारमदार बहुधा कुणाच्या लक्षात नाहीत, भरतकाम आहे.

आपल्याकडे मुंबईनं १९६५ मध्ये योकोहामाशी नातं जोडलं, पुण्यानं १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेशी. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जी पु. ल. देशपांडे बाग आहे, तिचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामातल्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेवर ती बेतलेली आहे. रविवारी तिथं भेळ खाऊन आलेल्या आणि पुलावरून माशांना न्याहाळणाऱ्या कुटुंबांना ओकायामा नकाशात कुठं आहे ते ठाऊक नसेल, पण माझ्या मते बरेच सामंजस्य करार जे साधत नाहीत ते या दहा एकरांनी साधलंय.

कागदोपत्री वाट फार अवघड नाही, लांब आहे. महापालिकेच्या महासभेत ठराव, तिथून राज्याचा नगरविकास विभाग, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय. शेवटी सही होते ती सामंजस्य करारावर, आणि त्यात पैशाची सक्ती सहसा नसते. त्यामुळंच फोटो निघतो, शाल-श्रीफळ होतं आणि फाइल कपाटात जाते. ज्या नात्याला दरवर्षी जाणारी-येणारी माणसं मिळतात तेच टिकतं: शाळकरी मुलं, गायकवादक, अग्निशमनचे जवान, इंजिनीअर.

शेवटचा शब्द वसई-विरारसाठी सगळ्यात महत्त्वाचा. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. मध्ये सखल जमीन. डोंगरावरून आलेलं पाणी पूर्वी भातखाचरांत, खाजणांत, मिठागरांत पसरायचं आणि ओहोटीला निघून जायचं. तिथं भराव पडले. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, माणसं घरांत अडकली. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना आकडे सांगायची गरज नाही.

आता योकोहामाकडे बघा. तिथं त्सुरुमी नदीला पूर आला की जादा पाणी घ्यायला जमीन राखून ठेवलेली आहे आणि त्याच जमिनीवर, खांबांवर उचलून, सत्तर हजारांचं स्टेडियम बांधलंय. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी हागिबिस चक्रीवादळ आलं. खांबांच्या जंगलात पाणी शिरलं. दुसऱ्या संध्याकाळी वर रग्बी विश्वचषकाचा जपान-स्कॉटलंड सामना झाला आणि जपाननं तो जिंकला.

नागासाकीशी नातं भक्तीचं आणि इतिहासाचं असेल; ते गोन्सालोच्या सणाला, चर्चच्या अंगणात, वसईच्या जुन्या गाण्यांनी आणि सुकेळीच्या पुड्यांनी जमेल. त्याला महासभेचा ठरावही कदाचित लागणार नाही. योकोहामाशी मात्र काम आहे, आणि मुंबईमुळं ओळख आधीपासूनची. शिष्टमंडळ कधी निघालंच, तर पुढाऱ्यांमधली एक खुर्ची पर्जन्यजल वाहिन्या बघणाऱ्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला द्यावी, आणि परत आल्यावर त्याची लगेच दुसऱ्या खात्यात बदली करू नये.