राधेसमोरचा चित्रकार

१९२३ च्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात ॲना पाव्हलोव्हा ही विश्वविख्यात रशियन नर्तकी राधेच्या वेषात रंगमंचावर आली. तिच्यासमोर कृष्ण म्हणून उभा राहिलेला तरुण मात्र नर्तकाचे रीतसर शिक्षण घेतलेला नव्हता. उदय शंकर तेव्हा चित्रकलेचे विद्यार्थी होते. आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेले. आदल्या वर्षीच पाव्हलोव्हा भारतात येऊन गेली होती. अजिंठ्याच्या चित्रांवर बेतलेले एक नृत्यही तिने त्याच सुमारास बसवले. भारतीय विषयांसाठी तिला साहाय्यकाची गरज होती, आणि बालपणी पाहिलेली लोकनृत्ये व चित्रे यांच्या आठवणीवर उदय शंकरांनी ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ या रचना उभ्या केल्या.

प्रेक्षकांना त्या आवडल्या. तरीही ही देवाणघेवाण अधुरीच म्हणावी लागेल. कोमलता बॅनर्जी यांचे संगीत पाश्चात्त्य वाद्यवृंदावर वाजत होते आणि त्यावर भारतीय वेषभूषा व हस्तमुद्रा शोभत होत्या. पाव्हलोव्हालाही ही उणीव जाणवली असावी. तिने उदय शंकरांना बॅले शिकवण्याचे नाकारले आणि स्वतःच्या देशाच्या नृत्याकडे वळण्यास सुचवले, असे सांगितले जाते.

पुढची वर्षे पॅरिसमध्ये हालाखीत गेली. उपाहारगृहांतील छोट्या मंचांवरही नाचावे लागले. याच काळात सिमोन बार्बिए ही फ्रेंच पियानोवादक त्यांची शिष्या आणि सहनर्तकी झाली. जगाने तिला ‘सिमकी’ या नावाने ओळखले. ॲलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीने दिलेले साहाय्य तर निर्णायक ठरले. १९३० मध्ये ती उदय शंकरांसोबत भारतभर हिंडली. दोघांनी मंदिरांतील शिल्पे न्याहाळली, केरळातील कथकली पाहिले, ठिकठिकाणची वाद्ये गोळा केली. मग शंकर कुटुंबातील भावंडे व आप्त यांना घेऊन मंडळी पॅरिसला पोहोचली. त्यांत दहा वर्षांचे रविशंकरही होते. ३ मार्च १९३१ रोजी शाँझेलिझे नाट्यगृहात या संचाचा पहिला प्रयोग झाला. या वेळी पाश्चात्त्य वाद्यवृंद नव्हता.

संगीताची धुरा आरंभी सरोदवादक तिमिर बरन यांच्याकडे आणि पुढे विष्णुदास शिराळी यांच्याकडे होती. शिराळी हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. तबलातरंगावर त्यांचा हात विलक्षण फिरे. मैफलीत तास-दीड तास उलगडणारा राग येथे काही मिनिटांच्या नृत्यात बसवायचा होता, तोही त्याचा चेहरा न हरवता. परक्या श्रोत्यांसाठी विस्तार आखडणे भागच होते. परंतु सुरांखाली पियानोचे अस्तर लावायचे नाही, हा आग्रह टिकला. प्रत्येक नव्या रचनेत कोठे थांबायचे, याचा निर्णय नव्याने करावा लागत असणार. १९३५ मध्ये उस्ताद अल्लाउद्दीन खाँ संचाबरोबर युरोपला गेले आणि याच सहवासातून रविशंकरांना गुरू लाभला.

भारतात मात्र आक्षेप उमटले. हे नृत्य कोणत्याही एका शास्त्राचे नाही, अशी तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती. उदय शंकरांनी तिला अल्मोडा येथील संस्कृती केंद्रातून उत्तर दिले. कथकलीसाठी शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिल्लै, मणिपुरीसाठी अमोबी सिंह, संगीतासाठी अल्लाउद्दीन खाँ असे गुरू तेथे एकत्र आले. पैसा बव्हंशी परदेशी स्नेह्यांकडून, विशेषतः इंग्लंडमधील डार्टिंग्टनच्या एल्महर्स्ट दाम्पत्याकडून, उभा राहिला. ज्या युरोपसाठी नृत्य घडले, त्याच युरोपच्या मदतीने ते आपल्या गुरूंकडे परतले, ही गोष्ट खास नोंदवण्यासारखी आहे. महायुद्धाच्या काळात आर्थिक ओढाताण वाढली आणि १९४४ मध्ये केंद्र बंद पडले. तोवर गुरुदत्तांसारखे विद्यार्थी तेथून बाहेर पडले होते. १९४८ च्या ‘कल्पना’ या चित्रपटात उदय शंकरांनी त्या केंद्राचे स्वप्न पडद्यावर मांडले; संगीत अर्थातच शिराळींचे.

परदेशी सहकाऱ्यांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. सिमकी भारतातच रमली. १९५१ च्या ‘आवारा’तील प्रसिद्ध स्वप्नदृश्याचे नृत्यदिग्दर्शन तिचे. ॲलिस बोनर १९३६ पासून काशीला गंगेकाठी राहू लागली. वेरूळसारख्या लेण्यांतील शिल्पांची रचना कोणत्या अदृश्य रेषांवर उभी आहे, याचा तिने वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९६२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.