मानेतली गाठ: २४ आठवडे आणि ४० आठवडे

२०२४ मध्ये भारतात क्षयरुग्णांच्या २६.०७ लाख नोंदी झाल्या. २०२३ मध्ये त्या २५.५२ लाख होत्या. वाढ सुमारे २ टक्के. क्षयाच्या कुळातल्याच, पण क्षय न करणाऱ्या जिवाणूंमुळे (एनटीएम) लहान मुलांच्या मानेत गाठी येतात. त्या यात कुठेच नाहीत. क्षयाची नोंद सक्तीची आहे, एनटीएमची नाही.

पालघर जिल्ह्यातल्या सफाळ्यात तीन वर्षांच्या मुलाच्या जबड्याखाली गाठ आली की डॉक्टर आधी क्षय धरतात, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. २०२३ मध्ये देशात सर्व वयांत मिळून क्षयाचं प्रमाण लाखामागे १९५ होतं. एनटीएमसाठी असा देशव्यापी आकडा नसल्याने फिनलंडचा घेऊ: क्षयाची बीसीजी लस सरसकट दिली जायची तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांत वर्षाला लाखामागे ०.२. तिथे २००६ मध्ये सरसकट लस थांबली आणि हा दर ३.९ वर गेला. स्वीडनने १९७५ मध्येच ती थांबवली होती. तिथल्या पाहणीत लस न घेतलेल्या मुलांत लाखामागे २६.८ आणि घेतलेल्यांत ४.६ रुग्ण आढळले, म्हणजे जवळपास सहापट फरक. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीसीजी ९५ टक्के बाळांपर्यंत पोचलेली दिसते. क्षयासाठी टोचलेली लस हे दुसरं कामही करते, त्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही.

यामागची यंत्रणा अशी. भक्षक पेशी जिवाणू गिळते आणि इंटरल्यूकिन-१२ सोडते. त्याला प्रतिसाद म्हणून टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. तेव्हा कुठे भक्षक पेशीला आतला जिवाणू मारता येतो. या कुळातल्या जिवाणूंची बरीच प्रथिनं सारखी असल्याने बीसीजीवर तयार झालेल्या टी पेशी एनटीएमलाही ओळखतात. उलटही घडतं. १९६८ मध्ये सुरू झालेल्या तमिळनाडूतल्या चिंगलपेट चाचणीत १५ वर्षांनंतरही बीसीजीने प्रौढांना संरक्षण दिल्याचं दिसलं नाही. माती-पाण्यातल्या एनटीएमने शरीर आधीच सरावलेलं होतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण.

खरी गफलत कालावधीत आहे. क्षयाच्या गाठीचा उपचार सहा महिन्यांचा, म्हणजे २४ आठवड्यांचा. नेदरलँड्समधल्या ५० मुलांच्या चाचणीत एनटीएमची गाठ नुसती वाट पाहूनही बरी झाली, पण मध्यक कालावधी ४० आठवडे होता. प्रतिजैविकं दिली तेव्हा ३६. शस्त्रक्रियेने गाठ काढल्यास ९६ टक्के मुलं बरी झाली, प्रतिजैविकांनी ६६ टक्के, असं तिथल्याच १०० मुलांच्या आधीच्या चाचणीत दिसलं होतं. मुलांच्या अशा गाठींत सर्वाधिक सापडणाऱ्या एव्हियम गटावर आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही क्षयाची औषधं जवळजवळ निरुपयोगी. मग २४ व्या आठवड्यात गाठ तशीच दिसते आणि संशय औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर जातो.

सीबीनॅट चाचणी फक्त क्षयाचा गट ओळखते, एनटीएम असेल तर ती निगेटिव्ह येते. खुलासा कल्चरने होतो, त्याला सहा आठवडे लागू शकतात. तेही गाठीचा तुकडा सलाइनमध्ये पाठवला तर. सगळाच नमुना फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला की जिवाणू मरतात आणि कल्चरचा प्रश्नच उरत नाही.

अशी गाठ येणाऱ्या बहुतेक मुलांची प्रतिकारशक्ती धडधाकट असते. इंटरल्यूकिन-इंटरफेरॉन साखळीतच जन्मजात दोष असणारी मुलं सुमारे ५० हजारांत एक. २०११ च्या जनगणनेनुसार पालघर जिल्ह्याची लोकसंख्या २९.९ लाख, जन्मदर हजारी १७ धरला तर वर्षाला सुमारे ५० हजार बाळं. म्हणजे कागदावर जिल्ह्यात वर्षाला असं एक मूल. त्याच्या बाबतीत पहिली खूण बहुधा मानेत दिसत नाही. बीसीजी डाव्या दंडावर दिली जाते, म्हणून गाठ डाव्या काखेत येते, वाढत जाते, पसरते. अशा दोषांची तपासणी परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या एनआयआयएच संस्थेत होते, आणि त्या तपासणीला ताजं रक्त लागतं.