हृदयविकाराचा झटका, अफूजन्य वेदनाशामके आणि रक्तबिंबिकारोधक औषधे : एक विवेचन

प्रस्तावना

सोलापूर-पुणे महामार्गावरील मोडनिंब (ता. माढा) येथील एखाद्या व्यक्तीस हृदयविकाराचा तीव्र झटका आल्यास प्रथमोपचार गावातील दवाखान्यात होतात. पुढील उपचारांसाठी मात्र पन्नासहून अधिक किलोमीटर अंतरावरील सोलापूर शहर गाठावे लागते. पहिल्या टप्प्यात रुग्णास रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून गोळ्या आणि छातीतील कळ शमविण्यासाठी इंजेक्शन दिले जाते. हे इंजेक्शन अफूजन्य असेल, तर ते गोळीच्या कार्याच्या आड येऊ शकते. या परस्परसंबंधाचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

आंतरक्रियेचे स्वरूप

हृदयाच्या रोहिणीत रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटून गुठळी तयार होते. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला दिली जाणारी क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही औषधे हे चिकटणे रोखतात. ही गोळी जठरात विरघळली, तरी तिचे शोषण मुख्यत्वे लहान आतड्यात होते. क्लोपिडोग्रेलचे तर त्यानंतर यकृतात रूपांतर व्हावे लागते. तेव्हा कोठे ते परिणामकारक ठरते.

मॉर्फिन वेदना शमविते ते मज्जासंस्थेतील ग्राहींवर कार्य करून. तेच ग्राही आतड्याच्या भित्तिकेतही असतात. परिणामी जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते, मळमळ होते, कित्येकदा उलटीही होते. म्हणजे कळ थांबते, परंतु गोळी जठरातच रेंगाळते. येथे दोन औषधांचा रक्तात संघर्ष होत नाही. एक औषध दुसऱ्याची वाट अडविते, एवढेच.

व्हिएन्ना येथे निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या व 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मॉर्फिनमुळे क्लोपिडोग्रेलचा कमाल परिणाम सरासरी दोन तासांनी लांबला. पोलंडमधील 70 रुग्णांवरील ‘इम्प्रेशन’ चाचणीत (2015) रक्तात पोहोचणाऱ्या टिकाग्रेलॉरचे एकूण प्रमाण 36 टक्क्यांनी घटले. फेंटॅनिलबाबतही 2018 मध्ये असाच निष्कर्ष हाती आला. दीर्घकाळ नियमित गोळ्या घेणाऱ्या रुग्णापेक्षा झटक्याच्या वेळी पहिली मोठी मात्रा घेणाऱ्या रुग्णास हा विलंब अधिक बाधक ठरतो.

तथापि यामुळे मृत्यू वाढतात काय, या प्रश्नाचे निर्णायक उत्तर मिळालेले नाही. अमेरिकेतील 57,039 रुग्णांच्या नोंदींवर आधारित 2005 च्या अभ्यासात मॉर्फिन दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पण मुळात अधिक गंभीर रुग्णांनाच मॉर्फिन दिले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. युरोपीय हृदयरोग संघटनेने 2017 मध्ये मॉर्फिनच्या शिफारशीची श्रेणी खाली आणली, ती रद्द केली नाही. हे योग्यच होय. कारण असह्य वेदनेने नाडी व रक्तदाब वाढून हृदयावरील भार वाढतो.

ग्रामीण संदर्भ

अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनची उपलब्धता सुलभ करण्यात आली. तरी लहान दवाखान्यात ते सहसा नसते. तेथे ट्रॅमाडॉल वा पेंटाझोसिन वापरले जाते. ही औषधेही अफूच्याच गुणधर्माची आहेत व त्यांनीही मळमळ-उलटी होते. त्यांच्यावरील अभ्यास मात्र मॉर्फिनइतके विपुल नाहीत. सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक हा याला पर्याय नव्हे. झटक्याच्या रुग्णास ते अपायकारक असते.

टिकाग्रेलॉरची गोळी कुटून पाण्यातून दिल्यास शोषण काही अंशी लवकर होते. शिरेतून देण्याचे कॅन्ग्रेलॉर जठराचा मार्गच टाळते, पण ते मोठ्या रुग्णालयाच्या आवाक्यातील आहे. गावातील डॉक्टरांच्या हाती याहून साधे साधन आहे, ते म्हणजे रुग्णासोबत पाठविली जाणारी चिठ्ठी. तीवर ‘वेदनाशामक दिले’ एवढेच लिहून भागत नाही. कोणते इंजेक्शन, किती मात्रेत, किती वाजता दिले, गोळी त्याआधी दिली की नंतर आणि वाटेत उलटी झाली काय, या नोंदी असल्यास सोलापुरातील हृदयरोगतज्ज्ञास गोळीचा परिणाम सुरू झाला असेल की नाही, याचा अंदाज बांधता येतो. उलटीची नोंद बहुधा सोबतच्या नातेवाइकांनाच करावी लागेल.