‘किती गळतंय?’च्या आधी विचारा, ‘कुठे?’

सेसना १७२ सारख्या लहान विमानाच्या पंखाखाली ओल दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘किती गळतंय?’ टाकी भरलेली आहे, उड्डाण तासाभराचं, मग चार थेंबांनी काय बिघडतंय! हा हिशेब फसवा आहे, कारण त्यात इंधन संपण्याचाच धोका धरलेला असतो, आगीचा नाही. पिस्टन इंजिनाचं अ‍ॅव्हगॅस हे पेट्रोलच. शून्याखालच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेते.

पंखाच्या खालच्या पत्र्यावर, मोकळ्यावर आलेला पाझर वाऱ्याने उडून जातो. तेवढंच इंधन पंखाच्या बंदिस्त कप्प्यात किंवा केबिनमध्ये शिरलं की वाफ कोंडते. अशा जागची गळती कितीही बारीक असो, दुरुस्तीशिवाय उड्डाण नाही. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरूच करू नये.

थेंब पडत नाही म्हणजे गळती नाही, हाही गैरसमजच. अ‍ॅव्हगॅस चटकन उडून जातं, मागे रंग राहतो. १००एलएल प्रकारचं अ‍ॅव्हगॅस निळं असतं. रिव्हेटभोवती किंवा पत्र्याच्या जोडावर फिकट निळा डाग दिसला तर जागा कोरडी असली तरी तपासायलाच हवी.

उलट, ओल दिसली की विमान बाद, असंही नाही. काठोकाठ भरलेलं विमान उन्हात उभं राहिलं की इंधन प्रसरण पावतं आणि टाकीच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या नळीतून, ठिबकतं. तो बिघाड नव्हे. टाकीच्या जोडातून येणाऱ्या पाझराची परीक्षा साधी आहे: जागा पुसून कोरडी करायची, ३० मिनिटं थांबायचं आणि ओल मोजायची. सर्वसाधारण वर्गीकरणात पाऊण इंचाच्या आत डाग, दीड इंचापर्यंत पाझर, ४ इंचांपर्यंत मोठा पाझर. थेंब पडू लागले की वाहती गळती. पहिले तीन प्रकार मोकळ्या जागी असतील तर लक्ष ठेवून, लवकर दुरुस्ती ठरवून, उडता येऊ शकतं. वाहती गळती असेल तर विमान जमिनीवरच. नेमकी मापं मात्र त्या विमानाच्या देखभाल मॅन्युअलमधलीच धरायची आणि निर्णय परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याच्या (एएमई) सहीने व्हायला हवा. सही नसेल तर पायलटने उडायला साफ नकार द्यावा, मग तो शिकाऊ का असेना.

आणि बाहेरून सीलंट थापलं की काम झालं, असं समजू नका. इंधन जोडातून वाट काढत भलतीकडेच बाहेर येतं. बाहेरचा लेप डाग झाकतो, गळतीचं मूळ आतच राहतं. ते शोधून, जुनं सीलंट खरवडून, जागा स्वच्छ करून नवं भरायचं आणि ते पक्कं झाल्यावर टाकी पुन्हा तपासायची.