आधी खिडक्या, मग शाळा

कोरोनामुळे बंद असलेले ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे आणि शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू होणार, असं शासनाने जाहीर केलं तेव्हा आमच्या गावात कुणी चटकन विश्वास ठेवला नाही. त्याआधी १७ ऑगस्टची तारीख जाहीर झाली होती आणि राज्याच्या कोविड टास्क फोर्सने हरकत घेतल्यावर ती मागे पडली होती. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेतल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा पहिली ते सातवी. आमच्यासाठी ४ ऑक्टोबरच्या तारखेला आणखी एक किंमत होती. दसरा झाला की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. शाळा सुरू असली तर लेकरू आजीपाशी राहतं, हंगामी वसतिगृहात जेवतं. बंद असली तर ते आईबापाबरोबर फडावर जातं, मोळ्या बांधू लागतं, आणि उन्हाळ्यात परत येतं तेव्हा त्याच्या हातात पुस्तक ठरत नाही. त्यामुळे दसऱ्याआधी शाळा उघडायचीच होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उघडल्यावर ती आजारापायी पुन्हा बंद पडू द्यायची नव्हती.

इमारत ताब्यात आली तेव्हा ती शाळा वाटत नव्हती. दुसऱ्या लाटेत तिथे विलगीकरण कक्ष होता. वर्गात लोखंडी खाटा, गाद्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, भिंतीवर खडूने लिहिलेले ऑक्सिजनचे आकडे. बाकं व्हरांड्यात एकावर एक रचलेली आणि पावसाने फुगलेली. वाचनकोपऱ्यातल्या पुस्तकांना वाळवी लागली होती. गादीवर कोण झोपलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने दोनदा फरशी धुतली तरी लोकांच्या मनातली भीती जात नव्हती. सरपंच स्वतः सगळ्यांच्या देखत खाटा ट्रॅक्टरमध्ये चढवायला उभे राहिले. त्याचा उपयोग ब्लीचिंगपेक्षा जास्त झाला.

तालुक्याहून तपासणीचा तक्ता आला होता. त्यात थर्मल गन, पल्स ऑक्सिमीटर, सॅनिटायझर, साबण, मास्क, फवारणी अशा रकाने आखलेल्या नोंदी होत्या. खिडक्यांसाठी रकाना नव्हता. आमच्या पाच खोल्यांपैकी तीन खोल्यांच्या मागच्या खिडक्या कित्येक वर्षं उघडलेल्याच नव्हत्या. एकीला माकडांच्या त्रासापायी पत्रा ठोकलेला, दुसरीची कडी गंजलेली, तिसरीला संगणक चोरीला जाऊ नये म्हणून तारेने बांधलेलं. कोरोना मुख्यतः श्वासातून बाहेर पडणाऱ्या बारीक कणांतून पसरतो आणि बंद खोलीत ते कण हवेत तरंगत राहतात, हे तोवर स्पष्ट झालं होतं. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात असे कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खोलीत हवा खेळती ठेवा, असं सांगितलं होतं. दहा मीटर म्हणजे आमच्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाऊन वर उरेल. मग दोन बाकांमधल्या सहा फुटांचा भरवसा किती धरायचा?

माझ्या सहकारी गुरुजींनी एक साधी गोष्ट केली. मागच्या खिडक्या बंद ठेवून वर्गाच्या मधोमध उदबत्ती लावली. धूर वर गेला, छताखाली पसरला आणि तिथेच थांबला. पंखा लावला तर तो खोलीभर फिरला, बाहेर मात्र गेला नाही. मग पत्रा काढला, तार कापली, मागची खिडकी आणि समोरचं दार उघडलं. डोंगराकडून येणाऱ्या वाऱ्याने धूर दारातून व्हरांड्यात नेला. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य तिथेच उभे होते. त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून गावातल्या वेल्डरकडून जाळ्या बसवून घेतल्या, माकडांचाही प्रश्न मिटला. या सगळ्या तयारीत सर्वांत जास्त फायदा कशाचा झाला असं कुणी विचारलं, तर मी त्या जाळ्यांकडे बोट दाखवीन.

बसण्याची आखणी मात्र आम्हाला बराच घाम गाळून करावी लागली. वीस बाय पंचवीस फुटांची खोली. एका बाकावर एक मूल आणि बाकांमध्ये सहा फूट अंतर धरलं तर कागदावर सोळा मुलं बसतात. प्रत्यक्षात दार, कपाट आणि फळ्यापुढची जागा सोडल्यावर बारा. सहावीचा पट एकतीस. म्हणून एक गट खोलीत, एक व्हरांड्यात आणि एक लिंबाखाली. लिंबाखाली बसणाऱ्यांसाठी फळा खुर्चीवर टेकवला. ऑक्टोबरचं ऊन चढलं की सावली सरकायची आणि तिच्यामागे बस्करपट्ट्या सरकवाव्या लागायच्या. गट आठवडाभर तेच ठेवले, म्हणजे कुणी आजारी पडलं तर कुणाकडे लक्ष द्यायचं ते कळावं. उघड्यावर शिकवताना आवाज ताणावा लागतो, घसा बसतो. तरीही माझं मत आहे की त्या दिवसांत महाराष्ट्रातला सर्वांत सुरक्षित वर्ग झाडाखालचा होता. ज्या शाळांकडे मैदान होतं आणि तरी ज्यांनी मुलं खोलीत कोंडली, त्यांनी हाताशी असलेली गोष्ट वाया घालवली.

पालकांची संमतीपत्रं गोळा करायला मी आणि गावातल्या आशाताई घरोघर गेलो. कागदावर सही घेणं सोपं होतं. आम्हाला त्या सहीबरोबर एक शब्द हवा होता, की घरात कुणाला ताप, खोकला आला तर लपवायचं नाही. लपवण्याचं कारण लोकांकडे होतं. पहिल्या लाटेत एखाद्या घराला पत्रे ठोकले, की त्या घराशी गाव बोलेनासं व्हायचं. एका आजीने स्पष्टच विचारलं, "बाई, पोराला ताप आला असं सांगितलं, तर तुम्ही त्याचं नाव फळ्यावर लिहिणार का?" आशाताई म्हणाल्या, "आजी, नाव माझ्या वहीत राहील आणि मॅडमच्या. तिसऱ्या कुणाला कळणार नाही." आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग न्या. घरी बसून बसून लेकरू पाटी धरायचं इसरलंय." ताप-खोकल्यामुळे सात दिवस घरी राहणाऱ्या मुलाची हजेरी कापायची नाही, त्याचा अभ्यास घरी पोचवायचा, असं आम्ही शिक्षकांनी आपसांत ठरवून टाकलं. हे ठरलं नसतं तर आईबापांनी तापाची गोळी देऊन मूल शाळेत पाठवलं असतं. त्यात त्यांचा दोष काढता येत नाही. सकाळी सहाला रोजंदारीला जायचं असतं.

सकाळी फाटकावर थर्मल गन घेऊन एक शिक्षक असायचा. ही बंदूक कपाळाच्या कातडीचं तापमान मोजते. दोन किलोमीटर उन्हातून चालत आलेलं मूल हमखास तापलेलं दिसायचं. त्याला सावलीत दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं की आकडा खाली यायचा. लक्षणं दिसण्याआधी आजार पसरवणारं मूल तर तिच्यापुढून सहज निघून जाणार. म्हणून आम्ही आकड्यापेक्षा चेहऱ्याकडे बघायला शिकलो. रोज धावत येणारी मुलगी चालत आली, नेहमी बडबड करणारा गप्प आहे, की विचारपूस. वर्गशिक्षकाला हे जितकं कळतं तितकं कुठल्याही यंत्राला कळत नाही. पाईपला आठ नळ बसवले होते, तिथे साबणाने हात धुवायचे. मास्कची मुलं अदलाबदल करायची, कुणाच्या मास्कवर मोर, कुणाच्या फुलं. म्हणून प्रत्येकाच्या मास्कवर आतून नाव शिवून आणायला आयांना सांगितलं. शिजवलेली खिचडी अजून बंदच होती, तांदूळ आणि कडधान्य घरी देत होतो. ज्यांचं दुपारचं जेवण म्हणजे ती खिचडी, त्यांचं पोट दुपारी रिकामं असायचं आणि ते वर्गात दिसायचं.

एका मुलाला वर्गातच थंडी वाजून आली. त्याला व्हरांड्यातल्या ठरवलेल्या बाकावर बसवलं, वडिलांना फोन केला, आशाताईंनी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. त्याच्या गटातल्या मुलांच्या घरी त्याच संध्याकाळी निरोप गेला, नाव न सांगता. अहवाल येईपर्यंत तो गट घरी राहिला, बाकीची शाळा चालू राहिली. अहवाल निगेटिव्ह आला. पण गावाला एवढं कळलं की एक मूल आजारी पडलं म्हणून सगळी शाळा बंद करावी लागत नाही.

शाळा उघडण्यासाठी एवढी धडपड कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. पहिल्या आठवड्यात पाचवीच्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचायला दिलं. निम्म्यांना जोडाक्षरं वाचता येईनात. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब घरांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली होती. तिच्यात ग्रामीण भागातली अवघी ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती, तर ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती. आमच्या गावात मोबाइल बापाबरोबर रानात जायचा आणि रात्री घरी यायचा तेव्हा त्यात चार्जिंग नसायचं. आमच्याकडून सातवी होऊन हायस्कुलात गेलेल्या मुलींपैकी काहींची या बंदच्या काळात लग्नं लागली. कुणी बोलावलं नाही, कुणी सांगितलं नाही. शाळा चालू असती तर निदान कुणीतरी विचारायला गेलं असतं.

१ डिसेंबरला ग्रामीण भागात पहिली ते चौथीही सुरू झाली. दुसरीतल्या मुलांनी तोवर शाळेचा वर्ग आतून पाहिला नव्हता. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंदचा आदेश आला, आणि २४ जानेवारी २०२२ पासून स्थानिक परिस्थिती बघून शाळा उघडायला परवानगी मिळाली. त्या वेळी आमची तयारी एका दिवसात झाली. खिडक्या उघड्याच होत्या, गट ठरलेले होते, आणि घरोघरून फोन येत होते: "मॅडम, आज याला सर्दी आहे, पाठवू का?"

ती थर्मल गन आज कपाटात आहे, तिचे सेल गळून गेलेत. मागच्या खिडक्या मात्र रोज उघडतात. फ्लू, गोवर, क्षयरोग हेही हवेतूनच पसरतात आणि ते कुठेही गेलेले नाहीत. तुमच्या गावच्या किंवा वॉर्डातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची पुढची बैठक असेल तेव्हा आवर्जून जा. प्रत्येक वर्गाच्या मागच्या खिडक्या स्वतः ढकलून बघा, आणि ज्या उघडत नसतील त्यांच्या दुरुस्तीचा ठराव त्याच बैठकीत लिहून घ्या.