मागून धडक बसली, तर दोष कुणाचा आणि भरपाई कुणाची?

रायपूर : टाटीबंध चौक असो की तेलीबांधा, पुढील मोटारीवर मागील मोटार आदळली की भोवतालची गर्दी क्षणार्धात निकाल देते : चूक मागच्याची. दोन्ही चालक खाली उतरतात, बंपरकडे पाहतात, थोडी बाचाबाची होते, दोन-तीन हजार रुपयांवर तडजोड होते आणि वाहने मार्गस्थ होतात. शहरातील किरकोळ धडकेत हा निवाडा बहुतेक वेळा चुकीचाही नसतो. मात्र महामार्गावर कुणी जखमी झाले वा दगावले, तर हाच ठोकताळा अपुरा पडतो. पुढचे वाहन त्या क्षणी काय करीत होते, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निर्णयांनी पुरेसे वजन दिले आहे, आणि त्या उत्तरावर लाखो रुपयांची भरपाई अवलंबून असते.

मागील चालकाविरुद्धच्या गृहीतकाला कायद्याचा भक्कम आधार आहे. पुढील वाहन अचानक मंदावले किंवा थांबले तरी टक्कर टळेल एवढे अंतर राखणे हे मागील चालकाचे कर्तव्य असल्याचे १९८९ च्या रस्ता नियमावलीत नमूद होते. तिची जागा घेणाऱ्या २०१७ च्या चालनविषयक नियमावलीतही ते कायम आहे. पुढील ट्रकने एकाएकी ब्रेक लावल्याने मोटार त्यावर आदळल्याचे एक प्रकरण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दोन वाहनांमधील अंतर अवघे १० ते १५ फूट होते. हे अंतर सुरक्षित म्हणता येणार नाही, असे सांगत न्यायालयाने निष्काळजीपणा मोटारचालकाचाच ठरवला. साध्या गणितानेही हे पटते. ताशी ६० किलोमीटर वेगातील वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर. पाय ब्रेकवर पोहोचण्याआधीच ते संपलेले असतात.

त्याच नियमावलीची दुसरी बाजू मात्र गर्दीच्या निवाड्यात कधी येत नाही. सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याखेरीज पुढील चालकाने एकाएकी ब्रेक लावू नये, असेही तिथे म्हटले होते. कोइम्बतूर येथील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जानेवारी २०१७ मध्ये महामार्गावर पुढील मोटार अचानक थांबली, विद्यार्थ्याची दुचाकी तिच्यावर मागून आदळली, तो रस्त्यावर पडला आणि पाठोपाठ येणारी बस त्याच्या पायावरून गेली. त्याचा डावा पाय कापावा लागला. गरोदर पत्नीला मळमळू लागल्याने मोटार थांबवली, असे चालकाचे म्हणणे होते.

न्यायाधिकरणाने मोटारचालकाला दोषमुक्त करून २० टक्के जबाबदारी विद्यार्थ्यावर आणि ८० टक्के बसवर टाकली होती. उच्च न्यायालयाने विद्यार्थ्याचा वाटा ३० टक्क्यांवर नेला, मोटारीवर ४० आणि बसवर ३० टक्के दोष ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी पुन्हा बदलली : मोटारचालक ५० टक्के, बसचालक ३० टक्के, विद्यार्थी २० टक्के. तातडीची व्यक्तिगत अडचण खरी असली तरी महामार्गावर मागून येणाऱ्यांना इशारा न देता वाहन थांबवणे क्षम्य नाही, असा त्याचा आशय आहे. पुरेसे अंतर न राखल्याने विद्यार्थीही पूर्णपणे सुटला नाही. एकूण १ कोटी १४ लाखांच्या भरपाईतून त्याचा २० टक्के वाटा वजा होऊन सुमारे ९१ लाख रुपये त्याला देय ठरले. एकच अपघात, तीन पायऱ्या आणि दोषाची तीन वेगवेगळी गणिते.

छत्तीसगडच्या महामार्गांवर पावसाळ्यात कोरड्या डांबरावर गुरांचे कळप येऊन बसतात. हा विषय बिलासपूरच्या उच्च न्यायालयापर्यंतही गेला आहे. अशा वेळी पुढील चालकाने लावलेला ब्रेक सुरक्षिततेसाठीच असतो, त्यामुळे बचावाचे पारडे त्याच्या बाजूने झुकते आणि मागील चालकाला ‘ब्रेक अचानक लागला’ एवढ्यावर सुटता येत नाही.

उभ्या वाहनावरची धडक हा आणखी वेगळा प्रकार. उरला, सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांशी जोडलेल्या रस्त्यांवर मालवाहतूक रात्रंदिवस चालते, त्यामुळे रायपूरकरांना हा धोका नवा नाही. रात्री रस्त्याच्या मध्यभागी दिवे वा कोणतीही खूण न ठेवता उभ्या केलेल्या टँकरवर व्हॅन आदळल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्हॅनचालकावर निम्मा दोष टाकणारा उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. सप्टेंबर २०२४ मध्ये महामार्गावर सोडून दिलेल्या चौदाचाकी ट्रकबाबतही तीच भूमिका घेताना न्यायालयाने जोडीने सांगितले, की चालकाचा दोष असलाच तरी तो त्याच्या सहप्रवाशांच्या नावे मांडून त्यांची भरपाई कापता येत नाही.

साखळी धडकेत क्रम महत्त्वाचा. शेवटच्या वाहनाने मधल्याला ढकलून पहिल्यावर आदळवले, तर भार शेवटच्यावर येतो. मधले वाहन आधीच पहिल्यावर आदळलेले असेल, तर त्याचाही वाटा उरतो.

दोष ठरला, तरी पैसे कोण देणार हा प्रश्न स्वतंत्र आहे. दोषी वाहनाच्या अनिवार्य तृतीय पक्ष विम्यातून इतरांच्या मृत्यूची व दुखापतीची भरपाई मिळते आणि तिला ठरावीक कमाल मर्यादा नाही. इतरांच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र खासगी मोटारीच्या पॉलिसीत सामान्यतः साडेसात लाखांची मर्यादा असते. स्वतःच्या गाडीची दुरुस्ती सर्वसमावेशक पॉलिसीतूनच होते, चूक कुणाचीही असो. पण प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि मागच्या धडकेत आधी फुटतो तो प्लास्टिकचाच बंपर. शिवाय पाच वर्षे दावा न केल्याने ५० टक्क्यांवर पोहोचलेला नो क्लेम बोनस एका दाव्यात शून्यावर येतो. रस्त्यावरच्या तडजोडीमागचे खरे अर्थशास्त्र हेच.

सर्वाधिक फटका बसतो तो स्वस्त विमा घेणाऱ्या कुटुंबांना. चालकाच्या चुकीने मोटार पुढील ट्रकवर आदळली, तर केवळ तृतीय पक्ष पॉलिसी असलेल्या खासगी मोटारीतील प्रवाशांना त्या पॉलिसीचे संरक्षण मिळत नाही, असे न्यायालयांनी मानले आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत ते मिळते. चालक स्वतःच्याच चुकीने दगावला, तर त्याच्या वारसांना निष्काळजीपणाच्या आधारावर दावा करता येत नाही, हे जुलै २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले. मोटारीचा मालक स्वतः गाडी चालवत असेल, तर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हाच तेव्हाचा आधार. चालकाच्या परवान्यावर बोट ठेवून जबाबदारी झटकणेही विमा कंपन्यांना आता पूर्वीइतके सोपे नाही. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असे घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी नक्की केले.

या सगळ्याचा पाया पुरावा हा आहे. न्यायाधिकरण फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागत नाही. शक्यतेचे पारडे कुठे झुकते, एवढे पाहते. पण झुकवायला काहीतरी लागतेच : वाहने हलवण्याआधीची छायाचित्रे, ब्रेकचे व्रण, डॅशकॅम किंवा चौकातील कॅमेऱ्याचे चित्रण, मागचे दिवे चालू होते की नाही याची नोंद. मानेला बसलेला हिसका अनेकदा दुसऱ्या दिवशी जाणवतो आणि तोवर समोरच्या गाडीचा क्रमांकही हाती नसतो. जखमी वा मृत्यूच्या प्रकरणांत २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो.

भंडारा, देवरी, राजनांदगाव, दुर्गमार्गे रायपूरकडे येणाऱ्या महाराष्ट्रातील वाहनधारकांसाठी एक तरतूद विशेष उपयोगाची आहे. अपघात रायपुरात झाला तरी दावा रायपुरातच करावा लागतो, असे नाही. नागपूरचा रहिवासी तो नागपूरच्या न्यायाधिकरणातही दाखल करू शकतो. त्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत लागू आहे. तिच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिकांवर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ विलंबाच्या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला.