वहिनींची सही

उसाचा हंगाम ऐन भरात होता. आपल्या बोरगाव भागात रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून वाहतूक चालते, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. आणि त्या ट्रॉल्यांच्या पाठीमागे लाल दिवा सोडाच, साधी चकाकणारी पट्टीही नसते, हेही सांगायला नको. निपाणीचे दुकान बंद करून मोटारसायकलवरून घरी येणारा आमचा दादा अशाच एका उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. हेल्मेट होते. घरी, खुंटीला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटली. स्कॅन झाला, मेंदूत रक्तस्राव झाल्याचे कळले. शस्त्रक्रिया टळली, पण दादा शुद्धीवर येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर आम्ही बसलो असताना एक तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन आला. पदव्युत्तर शिक्षण घेणारा मुलगा. आपल्या प्रबंधासाठी तो डोक्याला मार लागलेल्या रुग्णांची माहिती जमवत होता. दादाच्या केसपेपरातल्या नोंदी वापरायच्या, आणि घरी गेल्यावर सहा महिन्यांनी व वर्षाने फोन करून चौकशी करायची, एवढेच त्याला हवे होते. मी पुढचे ऐकूनच घेतले नाही. "आमच्या माणसावर कसले प्रयोग करायचे नाहीत," असे जरा चढ्या आवाजातच म्हणालो. एम. ए. झालेला, रोज वर्गात पोरांना 'प्रश्न विचारा रे' म्हणून सांगणारा माणूस मी!

वहिनींचे माहेर गोकाककडचे, शाळा कन्नड. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड, मराठी नव्हतीच. इंग्रजी बाजूच्या पहिल्या दोन ओळी वाचून मी थांबलो होतो. वहिनींनी कन्नड बाजू ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचली आणि मग त्या डॉक्टरला कन्नडातून तीन गोष्टी विचारल्या. यांच्या औषधात यामुळे काही बदल होणार का? आम्ही नको म्हटले तर? आणि हे शुद्धीवर आल्यावर तुम्ही यांना विचारणार की नाही? औषधात काही बदल नाही, नको म्हटले तरी उपचार तेच राहतील, आणि ते भानावर आले की त्यांनाच पुन्हा विचारणार, त्यांनी नको म्हटले तर आम्ही थांबणार, असे त्याने सांगितले. वहिनींनी सही केली. मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यात टोचायचं काही न्हाई, नुसतं इचारायचं हाय."

माझी भीती अगदीच बिनबुडाची होती असे मात्र मी म्हणणार नाही. २००९-१० साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस अभ्यासाचा भाग म्हणून देण्यात आली. त्यात अनेक मुलींच्या संमतीपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले. प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेले आणि २०१३ च्या अहवालात समितीने कडक ताशेरे ओढले. पुढे २०१९ साली औषधचाचण्यांचे नवे नियम आले. गरिबाचे शरीर परस्पर वापरले जाते हा संशय हवेतून आलेला नाही. पण संशय आला म्हणून कागदच वाचायचा नाही, हे माझे चुकले.

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट मला नंतर वाचनात सापडली आणि मी चकित झालो. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतून १,६२० बाळंतिणी एका अभ्यासात सहभागी झाल्या होत्या. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव मिसोप्रोस्टॉल नावाच्या स्वस्त गोळ्यांनी टळतो का, हे पाहायचे होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशाच पण बिनऔषधी गोळ्या, आणि देणाऱ्या आपल्या उपकेंद्रांतल्या नर्सबाई. औषध न मिळालेल्या बायकांत शंभरात बारा जणींना अतिरक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत सहा-साडेसहा जणींना. २००६ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्या १,६२० जणींपैकी एखादी आज तुमच्या शेजारी भाजी निवडत बसलेली असेल. तिला हे कोणी सांगितले असेल का, कोण जाणे.

आता डोक्याच्या माराकडे येतो. मार लागला की मेंदूला सूज येते. ती उतरावी म्हणून स्टेरॉइड देण्याची पद्धत जगभर तीस वर्षांहून अधिक काळ चालू होती. देणाऱ्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता, आणि तर्कही पटणारा होता. पण खरेच फायदा होतो का, हे मोठ्या संख्येत कोणी मोजले नव्हते. 'क्रॅश' नावाच्या चाचणीत ते मोजले गेले. १०,००८ रुग्णांनंतर ती मध्येच थांबवावी लागली, कारण स्टेरॉइड मिळालेल्यांत दोन आठवड्यांत शंभरात एकवीस जण दगावत होते, न मिळालेल्यांत अठरा. २००४ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. शंभरात तीन हा फरक एका डॉक्टरला एका दवाखान्यात आयुष्यभर कळला नसता. तो कळायला दहा हजार रुग्ण लागले, आणि त्यांतल्या कित्येकांसाठी कोणीतरी, आमच्यासारखेच बाकड्यावर बसून, निर्णय घेतला.

आणि त्यांतल्या काहींचे नुकसान झाले. हे लपवून कोणी तुम्हाला सहभागाचे आवाहन करीत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. नवजात बाळांचा 'हेलिक्स' अभ्यास तर काळजाला चटका लावणारा आहे. जन्मताना गुदमरल्याने मेंदूला इजा झालेल्या बाळांचे अंग तीन दिवस थंड ठेवायचे, हा उपाय इंग्लंड-अमेरिकेत गुणकारी ठरलेला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तो तपासला, तेव्हा थंड ठेवलेल्या बाळांत शंभरामागे बेचाळीस गेली आणि नेहमीचे उपचार मिळालेल्यांत एकतीस. हा निकाल २०२१ सालचा. परदेशात उपयोगी पडते ते आपल्या दवाखान्यात, आपल्या बाळांना लागू पडेलच असे नाही, हे त्या आईबापांमुळे कळले.

म्हणून मला वाटते, आपल्या भागाने या बाबतीत मागे राहू नये. याला आणखी एक कारण आहे, आणि ते थेट आपल्या घरातले आहे.

हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला. कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला, म्हणजे सगळे श्रेय शिक्षणाला देता येईना. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. २०१६ साली त्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांविषयी लिहिले. झटक्यानंतरही ज्यांची आकलनशक्ती शाबूत राहिली, असे लोक दुभाषिकांत शंभरात चाळीस होते आणि एकभाषिकांत वीस. एवढ्यावरून 'कन्नड शिका, विसरभोळेपणा टाळा' अशी पाटी लावायला मी सांगणार नाही. दोन गटांतल्या माणसांत भाषेखेरीज इतरही फरक असतात, आणि दुसरीकडे झालेल्या सगळ्या अभ्यासांत असाच निकाल आलेला नाही.

पण विचार करा. आमची आई देवासमोर मराठीत पुटपुटते, बाजारात कन्नडात घासाघीस करते, आणि म्हशीला कोणत्या भाषेत ओरडते ते म्हशीलाच ठाऊक. अशी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. सीमेवरून आपण इतकी वर्षे भांडलो, पण या दोन भाषांनी आपल्या मेंदूचे काय केले हे मोजायला आपल्याकडे कोणी फारसे आलेले नाही. आले तर नेमके कोणत्या भाषेत विचारणार, हाही प्रश्नच. विसरभोळेपणा तपासण्याच्या जुन्या परदेशी चाचणीत एक इंग्रजी शब्द उलट्या क्रमाने सांगायला लावतात. आमची आई त्यात नापासच होणार, आणि तो दोष तिच्या मेंदूचा नसणार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, आपल्याकडच्या माणसांसाठी अशा चाचण्यांचा संच तयार करवून घेतला. तो पाच भाषांत पारखून २०२० साली प्रसिद्ध झाला. हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. ज्या भाषेची माणसे अभ्यासात नसतात, त्या भाषेचे माप तयार होत नाही.

याउलट कोलार जिल्ह्यातले श्रीनिवासपूर पाहा. आंब्यांचा तालुका, आंध्रच्या हद्दीला लागून, म्हणजे आपल्यासारखाच दोन भाषांचा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातले मेंदू संशोधन केंद्र तिथल्या खेड्यांतल्या पंचेचाळीस वर्षांवरील धडधाकट माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करीत आहे. दहा हजार जणांचे उद्दिष्ट आहे. रक्त, स्मरणशक्ती, चालणे, मेंदूचे स्कॅन असे सगळे. धडधाकट माणूस संशोधनाला कशाला हवा, असे आपल्याला वाटते. पण पुढे कोणाला आजार होतो आणि कोणाला होत नाही, हे आधीपासून पाहिल्याशिवाय कसे कळणार? मी स्वतः पंचेचाळिशी ओलांडली आहे. असे पथक उद्या बोरगावात आले तर मी रांगेत उभा राहीन. कागद मात्र पूर्ण वाचून.

कागदाबद्दल थोडे. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळणे ही मेहेरबानी नव्हे, नियम आहे. मराठीच येत असेल तर मराठीत मागा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना तिऱ्हाईत साक्षीदार हजर असावा लागतो. नैतिक समितीची परवानगी आहे का आणि त्या समितीचा फोन कागदावर आहे का, तेवढे पाहावे. औषधाची चाचणी असेल तर ती देशाच्या चाचणी-नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, नोंदलेली असली पाहिजे. २००९ पासून ते बंधनकारक आहे. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे विचारायला लाजू नये. सही केलेल्या कागदाची प्रत घरी आणावी. आणि कधीही, कारण न देता, बाहेर पडता येते.

दादा बाराव्या दिवशी घरी आला. दीड महिन्याने दाखवायला नेले तेव्हा तो तरुण डॉक्टर कबूल केल्याप्रमाणे त्यालाच विचारायला आला. दादा म्हणाला, "आनि मी न्हाई म्हटलो तर?" डॉक्टर म्हणाला, "तर आजपासून मी तुम्हाला फोन करणार नाही. गोळ्या त्याच राहतील." दादाने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि सही केली. अक्षर पूर्वीसारखे नव्हते.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. हातपाय चालत होते, बोलणे स्वच्छ होते, गावातले लोक 'देवानं वाचिवलं' म्हणून जात होते. पण घरात दादा क्षुल्लक कारणाने भडकायचा. एकदा भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावले. दुकानात गिऱ्हाइकाशी वाद, संध्याकाळी अंधारात एकटा बसणे. आम्ही काय समजलो? लाडावला. बसून खायची सवय लागली. आईनेही तसे बोलून दाखवले. वहिनी गप्प.

सहा महिने झाले आणि फोन आला. वहिनींनी स्पीकरवर ठेवला. ते प्रश्न मोठे साधे होते. घरी एकटे राहू शकतात का? बाजारहाट एकटे करतात का? एसटीने प्रवास करतात का? पूर्वीचे काम तेवढेच होते का? नंतर मला कळले की हे प्रश्न ग्लासगोच्या जेनेट आणि बाँड यांनी १९७५ साली आखलेल्या मोजपट्टीवरून वाढवत आणलेले आहेत, आणि जगभर डोक्याच्या माराचे रुग्ण त्यानेच मोजतात. मग शेवटाकडचा प्रश्न आला. घरच्यांशी वागण्यात चिडचिड, ताण आहे का? आणि तसे अपघाताआधीही होते का?

वहिनी बोलेनात. मग त्यांनी फोन तसाच धरून पदर डोळ्यांना लावला. "आदी कधी नव्हतं," एवढेच म्हणाल्या, तेही मराठीत. सहा महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कोणीच विचारला नव्हता. आम्हीही एकमेकांना विचारला नव्हता.

डॉक्टरने सांगितले की उपचार हा त्याच्या अभ्यासाचा भाग नाही, पण अशी चिडचिड मेंदूच्या इजेनंतर पुष्कळांत दिसते, त्यांना बाह्यरुग्ण विभागात घेऊन या. आम्ही नेले. गोळी सुरू झाली, समुपदेशन झाले. दादा पूर्वीचा झाला असे मी लिहिणार नाही. पण ताट भिरकावले गेले की आई आता दादाला बोल लावत नाही, उठून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसते आणि थोड्या वेळाने आत येते. ती फोनची पंधरा मिनिटे नसती तर आम्ही अजून त्याला आळशीच म्हणत राहिलो असतो.

वर्षाने दुसरा फोन आला, तो दादाने स्वतः घेतला. पलीकडून 'नेनपु हेंगैती' म्हणून विचारले. "नेनपु छलो ऐती, सिट्टु जास्ती आगेती," दादा म्हणाला, आणि आमच्याकडे बघून पुन्हा मराठीत, "आठवतंय समदं, राग तेवढा लई येतोय." सगळे प्रश्न संपल्यावर त्याने डॉक्टरलाच विचारले, "तुजा अभ्यास झाला काय रं? निकाल काय लागला त्यो कळीव." कळवतो म्हणाला.

त्याला आता दोन वर्षे होतील. अजून काही आलेले नाही. दादा अधूनमधून विचारतो.